उघड्या ओट्याची बस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोकणातल्या घरी आईच्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेलं एक रंगीत पोस्टकार्ड होतं. ते मँचेस्टरहून माझ्या मामूंनी पाठवलेलं होतं. पावसानं ओला झालेला एक चौक, चौकात लाल दुमजली बसगाड्यांची रांग आणि सगळ्यांत अलीकडे एक पाठमोरी बस. शाळेत जाऊ लागण्याआधीपासून मी ते कार्ड पाहत आलो होतो आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडायचा. या बसला दार कुठं आहे? मागच्या डाव्या कोपऱ्यात तर भिंतच नव्हती. तिथं नुसती एक मोकळी जागा, एक उभा खांब आणि वर जाणारा जिना होता.

१९७७ साली मामू सुट्टीवर गावी आले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. सलाम-दुवा झाल्याबरोबर मी ते कार्ड त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "मामू, हिचं दार कुठाय?" मामू हसले. म्हणाले, "दार नव्हतंच रे बाबा. दाराच्या जागी मी उभा असायचो."

त्या बसविषयी आणि दाराच्या जागी उभ्या असणाऱ्या त्या माणसाविषयी आज मला बोलायचं आहे.

मामू १९३८ सालचे. मराठी सातवी झाल्यावर मुंबईला गोदीत कामाला लागले, मग आमच्याकडच्या पुष्कळ जणांसारखे बोटीवर गेले. १९६२च्या जुलैपासून ब्रिटनमध्ये परदेशी कामगारांच्या येण्यावर निर्बंध घालणारा कायदा लागू झाला. त्याच्या काही महिने आधी ते मँचेस्टरला उतरले. तीन वर्षं कापडगिरणीत रात्रपाळी केली आणि १९६५मध्ये शहराच्या बसवर कंडक्टर म्हणून रुजू झाले. मँचेस्टर हे उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं शहर. तिथं नगरपालिकेच्या स्वतःच्या बसगाड्या होत्या आणि त्यांचा रंग लाल होता. आपल्या मुंबईच्या 'बेस्ट'ची आठवण यावी असाच सगळा मामला.

ही बस नेमकी कशी असायची ते आधी सांगतो. इंजिन पुढे. इंजिनाच्या शेजारी उजव्या हाताला ड्रायव्हरची एका माणसापुरती खोली, आणि त्या खोलीला दार बाहेरून. ड्रायव्हर एकदा आत चढला की प्रवाशांशी त्याचा संबंध संपला. पाठीमागच्या लहानशा काचेतून त्याला फार तर चार डोकी दिसत. अगदी मागे, डाव्या कोपऱ्यात, रस्त्यापासून पायरीभर उंचीवर ती मोकळी जागा. इंग्रजीत तिला प्लॅटफॉर्म म्हणतात. आपण तिला ओटा म्हणू. ओट्यावरून आत गेलं की खालचा मजला आणि ओट्यावरूनच वळण घेत वरच्या मजल्याकडे जाणारा जिना. जिन्याखाली एक कोनाडा असे. त्यात प्रवाशांच्या पेट्या आणि लहान मुलांच्या घडीच्या गाड्या ठेवायच्या. गर्दी नसेल तेव्हा कंडक्टर याच कोपऱ्यात अंग चोरून उभा राहायचा. वरच्या मजल्यावर सिगारेट ओढायला परवानगी होती. हिवाळ्यात खिडक्या बंद, त्यामुळे वर इतका धूर साचायचा की मामू म्हणायचे, "वरती तिकिटं फाडून खाली आलो की मुमानीला वाटायचं मीच दिवसाला चार पाकिटं ओढतो."

या रचनेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाडी चालवणाऱ्याला प्रवासी दिसत नाहीत आणि प्रवासी पाहणाऱ्याच्या हातात गाडी नाही. दोघांमध्ये बोलणं शक्य नाही. मग सगळा कारभार चालायचा तो एका घंटीवर. एकदा वाजली की पुढच्या थांब्यावर थांबायचं. दोनदा वाजली की निघायचं. तीनदा म्हणजे गाडी भरली आहे, आता थांबू नकोस. चारदा म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय, असशील तिथं थांब. दोन घंट्या मिळाल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलायचा नाही.

मी म्हटलं, "आमच्या एसटीत पण डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही." मामू म्हणाले, "विलायती ट्राम आणि बसबरोबर घंटीसुद्धा आली असणार. गाडी देशी झाली, तरी घंटी तीच राहिली." तेव्हापासून चिपळूणच्या गाडीत कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली की मला मँचेस्टर आठवायचं. न पाहिलेलं मँचेस्टर.

कंडक्टरचं काम बाहेरून सोपं दिसतं. गळ्यात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्या बाजूला चामड्याची पैशांची पिशवी. पण त्या काळचे इंग्रजी पैसे कसे होते पाहा. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडात दोनशे चाळीस पेनी. शिवाय अर्धी पेनी, तीन पेनी, सहा पेनी अशी निरनिराळी नाणी. गाडी हलते आहे, बाहेर अंधार आहे, पुढचा थांबा जवळ येतो आहे आणि साठेक प्रवाशांपैकी कोण कुठं चढलं हे ध्यानात ठेवून सुट्टे द्यायचे आहेत. मामूंना हे जड गेलं नाही. त्यांचं बालपण सोळा आण्यांच्या आणि चौसष्ट पैशांच्या रुपयात गेलं होतं. १ एप्रिल १९५७ला आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हा ते मुंबईत एकदा सगळं नव्यानं शिकले होते. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनही दशमान नाण्यांकडे वळलं आणि पौंडाचे शंभर पेन्स झाले. त्या आठवड्यात मँचेस्टरच्या म्हाताऱ्या बायका तळहातावर नाणी पसरून मामूंपुढे धरायच्या. हवं ते उचल, म्हणायच्या. मामू मोजून तेवढेच उचलायचे. "आयुष्यात इतका विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता," असं ते म्हणत.

अर्थात सगळेच तळहात असे पुढे येत नसत. काही जण पैसे मामूंच्या हातात न देता शेजारच्या सीटवर ठेवायचे. मामूंच्या बोटांना आपली बोटं लागू नयेत म्हणून. मामू ते पैसे सीटवरून उचलायचे आणि सुट्टे मात्र त्या माणसाच्या हातातच द्यायचे. "हात पुढे करायला लागायचाच त्याला," ते सांगायचे. "नाहीतर सुट्टे कसे मिळणार?"

मग धुकं. तेव्हा घराघरांत दगडी कोळसा जाळत. हवा शुद्ध राखण्याचा कायदा १९५६ सालीच झाला होता, पण धूर कमी व्हायला वर्षं लागली. थंडीत धूर आणि धुकं मिसळून असं काही दाटायचं की ड्रायव्हरला रस्त्याची कड दिसायची नाही. अशा वेळी कंडक्टरनं ओट्यावरून खाली उतरायचं, हातात बत्ती घ्यायची आणि बसच्या पुढे चालायचं. आपल्याकडे मुहर्रमच्या मिरवणुकीपुढे दिवटी घेऊन माणूस चालतो, तसं. मागे दुमजली बस माणसाच्या पावलानं सरकते आहे, आत लोक मुकाट बसले आहेत आणि पुढे कोकणातल्या एका खाडीकाठचा माणूस त्यांना घरची वाट दाखवतो आहे. मामूंनी हे सांगितलं तेव्हा कंदिलाच्या उजेडात आम्ही दहा-बारा पोरं श्वास रोखून ऐकत होतो.

उघड्या ओट्याचं सुख कशात होतं? बस सिग्नलला थांबली, गर्दीत अडकली, की माणूस आपल्या मर्जीनं उतरायचा. धावत येणाऱ्याला दार बंद झालेलं दिसायचं नाही, कंडक्टरचा पुढे केलेला हात दिसायचा. म्हाताऱ्याला हात धरून वर घ्यायचं, आईच्या कडेवरचं मूल घ्यायचं, चुकीच्या बसमध्ये चढलेल्याला बरोबर बस सांगायची, ही कामं नेमणुकीच्या कागदावर असोत वा नसोत, ओट्यावर उभा असलेला माणूस ती करायचा. दोन्ही महायुद्धांत पुरुष लढाईवर गेले तेव्हा ही कामं बायकांनी केली आणि नंतरही अनेक जणी टिकून राहिल्या. मामूंना काम शिकवलं तेही एका पोक्त आयरिश बाईनं. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं, की तिकिटं चुकली तरी चालतील, घंटी चुकता कामा नये.

इथवरच्या सगळ्या आठवणी मामू हसतखेळत सांगायचे. पुढची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली.

ओटा प्रवाशांना उघडा होता. पण त्या ओट्यावर नोकरीला कोणी उभं राहायचं, हा प्रश्न वेगळा होता. १९५९ साली मँचेस्टरमधल्या ग्यानी सुंदरसिंग सागर या शीख गृहस्थांनी कंडक्टरच्या नोकरीसाठी अर्ज केला. गणवेशात टोपी होती. सागर म्हणाले, मी शीख आहे, पगडी सोडणार नाही, पण गणवेशाच्या गडद निळ्या रंगाची पगडी बांधीन आणि तिच्यावर तुमचा बिल्ला लावीन. मागणी एवढीच. तिच्यावर नगरपालिकेत, कामगार संघटनेत आणि वर्तमानपत्रांत सात वर्षं वाद चालला. शेवटी १९६६मध्ये नगरपालिकेनं पगडीला मान्यता दिली. पण तोवर सागर यांचं नोकरीत शिरण्याचं वय उलटून गेलं होतं. त्यांनी उघडलेल्या वाटेनं दुसरे गेले.

ही एकट्या मँचेस्टरची गोष्ट नव्हती. दक्षिणेकडे ब्रिस्टल शहरात गोऱ्या नसलेल्या माणसांना बसवर कंडक्टर म्हणून घेतच नव्हते. १९६३मध्ये पॉल स्टीव्हन्सन या कृष्णवर्णीय तरुणाच्या पुढाकारानं तिथल्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि त्याच वर्षी २८ ऑगस्टला ती बंदी उठली. सप्टेंबरात जे पहिले बिगरगोरे कंडक्टर रुजू झाले ते रघबीरसिंग नावाचे शीखच होते. नोकरीत वर्णभेद करण्याला ब्रिटनभर कायद्यानं बंदी आली ती मात्र १९६८ साली.

मामू १९६५मध्ये रुजू झाले, म्हणजे पगडीच्या वादाचं अखेरचं वर्ष त्यांनी आतून पाहिलं. कँटीनमध्ये चहाच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलणं चालायचं. मामू ऐकत असायचे. "माझ्या डोक्याला टोपी चालत होती," ते मला म्हणाले. "मी घातली आणि कामाला लागलो. एक-दोघांनी मला विचारलंही, तुझं काय म्हणणं? मी म्हटलं, मला काय कळतं? कळत होतं रे. पण नोकरी नवी होती. गावी पैसे पाठवायचे होते." थोडं थांबून म्हणाले, "तो माणूस सात वर्षं उभा राहिला. मी सात मिनिटं उभा राहिलो नाही."

मला वाटतं, मामूंसारखे हजारो जण तेव्हा असेच गप्प राहिले असतील. परक्या मुलखात पोटासाठी गेलेल्या माणसाला दोष देणं सोपं आहे. मी तो देत नाही. पण मामू स्वतःला देत होते आणि तो त्यांचा हक्क होता.

आता यातली खरी विचित्र गोष्ट पाहा. ही नोकरी सगळ्यांना खुली झाली आणि जवळजवळ त्याच सुमारास ती नोकरीच नाहीशी व्हायला लागली. लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या कारखान्यानं १९५८मध्ये 'अ‍ॅटलांटियन' नावाची नव्या घडणीची दुमजली बस रस्त्यावर आणली. हाच तो कारखाना, ज्याच्या नावावरून आपल्याकडच्या 'अशोक लेलँड'चं नाव पडलं. या बसमध्ये इंजिन मागे गेलं आणि चढायचं दार पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी आलं. म्हणजे तिकीटही ड्रायव्हरच देऊ शकत होता. १९६६मध्ये दुमजली बस एकट्या ड्रायव्हरनं चालवायला ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली. १९६८च्या वाहतूक कायद्यानं अशा नव्या गाड्या घ्यायला सरकारी अनुदान देऊ केलं.

कारणंही खरी होती. लोकांनी मोटारी घेतल्या होत्या. घरोघरी टीव्ही आल्यामुळे संध्याकाळी सिनेमाला निघणारे कमी झाले होते. प्रवासी घटत होते आणि बसच्या खर्चातला मोठा वाटा पगारांचा होता. दोघांचं काम एकानं केलं तरच गाडा चालणार, असा हिशेब होता. १९६९च्या नोव्हेंबरात मँचेस्टरची आणि आसपासच्या शहरांची बससेवा एकत्र करून नवं प्रशासन आलं, लाल गाड्या नारिंगी होऊ लागल्या आणि १९७०च्या दशकात उघड्या ओट्याच्या बस एकेक करून मोडीत निघाल्या. मामू १९७२मध्ये ड्रायव्हर झाले. पगार वाढला. पण ते म्हणायचे, "आधी मी माणसं पाहायचो. मग आरसे पाहायला लागलो."

गेलेल्या गोष्टीचे गोडवे गाताना तिच्या खोडीही सांगायला हव्यात. उघड्या ओट्यावरून लोक पडायचे. एका पावसाळी संध्याकाळी शाळेतला एक मुलगा, थांबा यायच्या आत, नेहमीच्या सवयीनं खांबाला धरून उडी मारायला गेला आणि ओल्या पायरीवरून घसरला. मामूंनी चार घंट्या दिल्या. मुलाचा हात मोडला, जीव वाचला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी चार घंट्या त्या एकदाच दिल्या आणि म्हातारपणी झोपेतही त्यांना त्या ऐकू यायच्या. चाकाच्या खुर्चीतला माणूस तर त्या बसमध्ये चढूच शकत नव्हता. ज्याला पाय चांगले आहेत त्याच्यासाठीच तो ओटा उघडा होता. आताच्या बसची पायरी खाली झुकते आणि खुर्ची सरळ आत जाते. हा मोकळेपणा जुन्या बसमध्ये नव्हता, हे मान्य करायलाच हवं. गेलं ते एवढंच, की आत येणाऱ्याची विचारपूस करायला मोकळा असलेला एक माणूस गेला.

२००९ साली मी पहिल्यांदा मँचेस्टरला गेलो. मामू सत्तरी ओलांडलेले. मला घेऊन ते चीटम भागातल्या बॉइल स्ट्रीटवरच्या वाहतूक संग्रहालयात गेले. जुन्या बस-डेपोच्या इमारतीत १९७९पासून हे संग्रहालय आहे आणि ते हौशी स्वयंसेवक चालवतात. आत दाटीवाटीनं जुन्या बस उभ्या. एका लाल बसपाशी मामू थांबले. तिच्याकडे पाहिलं आणि मी हात द्यायच्या आत ते ओट्यावर चढलेही. गुडघ्यांचं दुखणं कुठं गेलं कोण जाणे. डावा हात आपोआप खांबावर गेला आणि ते जिन्याखालच्या त्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभे राहिले. मी खालून पाहत होतो. लहानपणीचं पोस्टकार्ड अखेर पुरं झालं होतं. दाराच्या जागी मामू उभे होते.

मी म्हटलं, "मामू, घंटी द्या ना." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "पुढे ड्रायव्हर बसलेला नाही. त्याच्याशिवाय डबल कशी देऊ?"

२०१६मध्ये मामू गेले. तिथंच, त्याच शहरात त्यांना दफन केलं.

लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरून उघड्या ओट्याच्या जुन्या बसनं ९ डिसेंबर २००५ रोजी निरोप घेतला होता. मुंबईत 'बेस्ट'ची पहिली दुमजली बस धावली १९३७ साली. शेवटची जुनी डिझेलवरची दुमजली १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली तेव्हा लोकांनी तिला हार घातले. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी धावलेल्या कितीतरी मुंबईकरांचे डोळे त्या दिवशी ओले झाले. मँचेस्टरनं मात्र एक वेगळीच गोष्ट केली. १९८६मध्ये तिथली बससेवा खाजगी कंपन्यांच्या स्पर्धेला मोकळी झाली होती. २०२३च्या सप्टेंबरापासून टप्प्याटप्प्यानं ती पुन्हा लोकनियुक्त कारभाराच्या ताब्यात आली आणि ५ जानेवारी २०२५ला हे काम पुरं झालं. बसचा रंग आता पिवळा आहे. माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, "अब्बा असते तर पहिल्या दिवशी पहिल्या बसमध्ये बसले असते." मी म्हटलं, "बसले नसते. उभे राहिले असते."

आमच्या आईचं ते कपाट आता माझ्याकडे आहे. कार्डाचे रंग उडालेत, लाल बस आता विटकरी दिसते. परवा माझ्या नातीनं काचेवर बोट ठेवून विचारलं, "दादा, हिचं दार कुठाय?"

मी तिला मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.